झाकणावरचं नाव

१४ जुलै

मावशी,

हे पत्र रागात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू म्हणालीस, फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, त्यापेक्षा दर आठवड्याला शिकलेला धडा स्वतःच्या शब्दांत लिहून पाठव, मी लाल शाईने तपासून परत पाठवीन. ठीक आहे. पण कोणी शिकवलं तर लिहिणार ना! आमचे पॅथॉलॉजीचे सर वर्गात येतात, खुर्चीत बसतात आणि स्वतःच्या विद्यार्थीदशेतली वही वाचून दाखवतात. पानं पिवळी पडलीत, तरी वाचन चालू. 'पेशीला इजा होण्याची कारणे आठ.' घ्या उतरवून आठ. मी उभी राहून विचारलं, सर, पेशीला इजा झालीय हे आपल्याला कळतं कसं? तर म्हणाले, 'ते परीक्षेला येत नाही.' मागच्या बाकावरून हशा. मी रागाने इतकी लाल झाले की शेजारणीने पाण्याची बाटली पुढे केली. लॅब टेक्निशियन व्हायला आलेय मी इथे, पोपट व्हायला नाही.

म्हणून ग्रंथालयात बसून स्वतः वाचलं. माझ्या शब्दांत असं: पॅथॉलॉजी म्हणजे शरीरातल्या बिघाडाचा अभ्यास. बिघाड कशाने झाला, कसा वाढत गेला, आता काय दिसतंय आणि पुढे काय होणार, हे चार प्रश्न. पेशी बरंच सोसते. थोडी फुगते, चरबी साठवते, पण त्रास वेळेत थांबला तर पुन्हा पहिल्यासारखी होते. एका मर्यादेपलीकडे मात्र तिला परत फिरता येत नाही आणि ती मरते. मेलेली पेशी मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येते.

आई कशी आहे? मला ती प्रत्येक पत्रात 'मजेत' एवढंच लिहिते. ऑपरेशनला सात महिने झाले. तलावावर जायला लागली का? पोहायला शिकवणारी बाई पाण्यात उतरत नाही हे मला सहन होत नाही. तू तिची सख्खी बहीण, त्याच गावात आहेस, जरा धक्के मारून ने तिला.

तुझी
लवंगी

(नाव तूच ठेवलंयस, तेव्हा तिखट लागलं तर तक्रार चालणार नाही.)


२० जुलै

लवंगे,

धडा सोबत परत पाठवलाय. लाल शाई एकाच ठिकाणी, पण तिथे नीट बघ. 'लगेच ओळखू येते' हे साफ चूक. पेशी मेल्यावर कितीतरी तास मायक्रोस्कोपखाली ठणठणीत दिसते. मेल्याच्या खुणा मागाहून उमटतात. तुझ्या सरांच्या वहीत हे नसेल. सरांवर एवढी भडकू नकोस, काही माणसं मुळातच झेरॉक्स असतात.

आज माझंही डोकं ठिकाणावर नाही. सकाळी ऑपरेशन थिएटरमधून आमच्या पॅथॉलॉजी विभागात काढलेल्या गाठींच्या तीन बरण्या आल्या, आणि तिन्हींवर पेशंटचं नाव कुठे, तर झाकणावर! चिकटपट्टी लावायची ती झाकणाला, बरणी कोरीच. सत्तावीस वर्षं मी घसा कोरडा करतेय, की बाई, नाव बरणीच्या अंगावर लिही. झाकण निघतं. दोन बरण्या उघडल्या, दोन झाकणं टेबलावर ठेवली, तेवढ्यात कोणी हाक मारली की संपलं. एकीची गाठ दुसरीच्या नावावर. पुढे कितीही मोठा डॉक्टर येऊ दे, कितीही महागडा मायक्रोस्कोप आणू दे, तो चुकीच्या माणसाचं बरोबर निदान करणार. पुढे किती आयुष्यं बरबाद होतात याची त्या थिएटरच्या नर्सला काही कल्पना आहे का? मी तिला इतकं बोलले, इतकं बोलले की ती रडायला लागली. मग मीच बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

ही गोष्ट परीक्षेला येवो न येवो, तू मरेपर्यंत लक्षात ठेव.

ताई बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते. कपड्याच्या आत भरायची गादी तिने स्वतःच शिवलीय. तलावाचं मी काढलं, तर म्हणाली, मुलं बघतील.

तुझी मावशी


३ ऑगस्ट

मावशी,

या आठवड्यात चक्क मजा आली. सर आजारी पडले (देव त्यांना सावकाश बरं करो) आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी आम्हाला मायक्रोस्कोपवर बसवलं. धडा: दाह आणि जखम भरणं.

माझ्या शब्दांत: जखम झाली की रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. मग रक्तातून पांढऱ्या पेशी धावत येतात. आधी मॅक्रोफेज येऊन घाण खातात आणि दोन दिवसांनी न्यूट्रोफिल येतात. नंतर भर पडते. इजा वरवरची असेल तर कातडी जशीच्या तशी उगवते, पण खोलवर गेली असेल तर तिथे व्रण होतो. व्रण म्हणजे नुसतं ठिगळ. त्यात तंतूच तंतू. केसांची मुळं नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, आणि त्या पुन्हा कधीच उगवत नाहीत. बाईंनी भाजल्याच्या व्रणाची स्लाइड दाखवली. एका बाजूला नेहमीची कातडी, केसांची मुळं वगैरे सगळं शाबूत, आणि मग एकदम सपाट गुलाबी पट्टा. मला आईचा डाग आठवला. ती लहानपणी चुलीवरचं पातेलं स्वतःच्या अंगावर ओढून भाजली होती ना, तो. लिंबाच्या चकतीएवढा, पोहण्याच्या पोशाखातून गळ्याखाली अर्धा दिसायचा. लहान मुलं विचारायची आणि ती सांगायची, हे माझं पोहण्याचं पदक.

तर मावशी, मी आईचे रिपोर्ट इथे घेऊन आलेय, अभ्यासाला. पूर्वी नुसती अक्षरं दिसायची, आता थोडं कळतं. नोव्हेंबरात आधी स्तनातली नुसती गाठ काढली तेव्हा सर्जनने वरच्या कातडीची पट्टीही काढली होती. आईच म्हणाली होती, 'गाठीबरोबर माझं पदकही गेलं.' म्हणजे तो डाग त्या पट्टीतच होता. पण रिपोर्टात लिहिलंय: 'वरील त्वचा सर्वसामान्य, केसांची मुळे व घर्मग्रंथी सर्वत्र दिसतात.'

सर्वत्र कशा दिसतील? व्रण कुठे गेला? मलाच काही कळत नाहीय, की रिपोर्टच चुकलाय? सांग ना.

लवंगी


८ ऑगस्ट

लवंगे,

अर्धवट ज्ञानाने माणूस असाच बिथरतो. रिपोर्टातली अशी वाक्यं ठरलेली असतात. टाइप करणारा ती सवयीने घालतो. महत्त्वाची ओळ निदानाची, तिच्यावर उपचार होतात. कातडीच्या ओळीकडे कोणी बघत नाही.

दोन धडे वाचून डॉक्टरांच्या चुका काढायला निघालीस की काय? आधी परीक्षा पास हो. धडा चांगला लिहिला आहेस, परत पाठवतेय.

मावशी


१३ ऑगस्ट

मावशी,

धडा परत मिळाला. त्यावर लाल शाईचा एक ठिपकाही नाही.

मी लिहिलं होतं की जखमेत आधी मॅक्रोफेज येतात आणि न्यूट्रोफिल दोन दिवसांनी. ते उलटं आहे. माझी गडबड झाली होती, पाकीट टाकल्यावर लक्षात आलं आणि जीभ चावली, म्हटलं आता मावशी चंपी करणार. तू काहीच केलं नाहीस. माझ्या पहिलीतल्या शुभेच्छापत्रातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मला परत देणारी बाई तू. तुझ्या डोळ्यांसमोरून अशी चूक निसटत नाही. तू वाचलंच नाहीस, किंवा वाचताना तुझं लक्ष भलतीकडे होतं. कातडीच्या ओळीकडे होतं का?

आणि 'कातडीच्या ओळीकडे कोणी बघत नाही' हे वाक्य तू लिहावंस? मला राग याचा आलाय की तू मला मूर्ख समजलीस.

दुसरा रिपोर्टही वाचला, डिसेंबरातला. पूर्ण स्तन काढला आणि त्यात कॅन्सर कुठेच सापडला नाही. फक्त पहिल्या कापाची भरत आलेली जखम. तेव्हा आपण सगळ्यांनी देवाचे आभार मानले होते. नाव न सांगता मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होऊ शकतं, पहिल्या गाठीबरोबरच सगळा कॅन्सर निघून गेला असेल. मग मी कातडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'ती स्लाइड कोणीतरी पुन्हा बघायला हवी.'

स्लाइड तुझ्या विभागात आहेत. कपाट तुझ्या ताब्यात आहे. बघ आणि मला कळव. आणि त्या दिवशी त्याच सर्जनने आणखी कोणाची गाठ काढली होती, तेही कळव.

लवंगी


१९ ऑगस्ट

लवंगे,

कामाचा ढीग आहे. सवडीने बघते. तू अभ्यासाकडे लक्ष दे. ताईला यातलं काही लिहू नकोस.

मावशी


२२ ऑगस्ट

चोराच्या मनात चांदणं!

'ताईला लिहू नकोस' म्हणजे लिहिण्यासारखं काहीतरी आहे. काही नसतं तर तू मला चार शिव्या घालून मोकळी झाली असतीस.

मी फोन करणार नाही. फोनवर बोललेलं नाकारता येतं. मला कागदावर हवंय, तुझ्या अक्षरात. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर मी स्वतः येईन.


२७ ऑगस्ट

लवंगे,

तुझं बरोबर आहे.

हे वाक्य लिहून मी तासभर नुसती बसले होते. आता सगळं लिहिते.

आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, शेजारच्याला द्यायचा. ताईची गाठ काढली त्या दिवशी मी तो नियम मोडला. मला दुसऱ्या कोणाच्या हातावर भरवसा नव्हता. दोन बरण्या एकत्र आल्या, सारख्याच आकाराच्या, सारख्याच पांढऱ्या झाकणांच्या. नावं झाकणांवर. पहिलं काम बरण्यांना नंबर चिकटवायचं, हे मी झोपेतही सांगेन. पण मला आधी ताईची गाठ बघायची होती. कडक आहे का, ते चिमट्याने दाबून बघायचं होतं. मी झाकण काढलं. गाठ पालथी पडली होती, कातडी तळाला. मला दाबायचा धीर झाला नाही. शेजारच्या बरणीत गाठ टिकवायचं फॉर्मॅलिन कमी दिसलं म्हणून तीही उघडली आणि वरून ओतलं. तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, तुमची बहीण शुद्धीवर आलीय, तुम्हालाच विचारतेय. मी हाताला लागली ती झाकणं लावली आणि पळाले. पाऊण तासाने परत आले, झाकणांवरची नावं वाचली आणि त्यानुसार बरण्यांना नंबर चिकटवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, तिला म्हटलं, फॉर्मॅलिन चुरचुरतंय.

दुसरी बाई शिवणकाम करते. वय अडतीस. तिचा रिपोर्ट गेला: साधी गाठ, काळजीचं कारण नाही. ताईचा काय गेला ते तुला माहीत आहे.

एप्रिलात जुन्या स्लाइड लावताना मी त्या दोन बाजूला काढल्या. का काढल्या, सांगता येणार नाही. स्तनात काहीच सापडलं नाही हे कुठेतरी टोचत असावं. शिवणवालीच्या नंबराखालची स्लाइड लावली. साधी गाठ, आणि वर कातडीत तो सपाट गुलाबी पट्टा. मी तो ओळखला. मी ओळखणार नाही तर कोण? आणि एक गोष्ट तुला कोणीच सांगितलेली नाही. ते पातेलं ताईने ओढलं नव्हतं. मी ओढलं होतं. मी पाच वर्षांची होते, ती नऊची. ती मला बाजूला ढकलायला आली आणि पाणी तिच्यावर पडलं. वडिलांचा हात फार जड होता म्हणून तिने सांगितलं की मीच ओढलं. आजतागायत तेच सांगते.

मे महिन्यात मी शिवणवालीला फोन केला. एकदा पुन्हा तपासून घ्या म्हटलं. ती म्हणाली, रिपोर्ट साफ आहे, उगाच घाबरवू नका, आणि ठेवून दिला. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, मी माझं काम केलं.

झाकली मूठ झाकलेली ठेवली. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे ताईला काय सांगू, की तुझा स्तन माझ्यामुळे उगाच कापला? तूच सांग, कुठल्या तोंडाने सांगू?

मावशी


३० ऑगस्ट

मला विचारतेस कुठल्या तोंडाने? ज्या तोंडाने त्या नर्सला रडवलंस, त्याच तोंडाने!

लोका सांगे ब्रह्मज्ञान. तुझं ते झाकणावरचं प्रवचन मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं होतं. मोठ्या अक्षरात, चौकट आखून. काल ते पान फाडलं आणि मग पुन्हा चिकटवलं, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटी फक्त तू आहेस.

चुकीचा मला राग नाही, हे नीट ऐक. बहीण शुद्धीवर आलीय म्हटल्यावर मीही पळाले असते. मीही झाकणं उलटी लावली असती. माझा राग एप्रिलपासूनचा आहे. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. तुला माहीत होतं आणि तू माझे धडे तपासत होतीस. तुला माहीत होतं आणि तू आईच्या गोळ्यांची वेळ सांभाळत होतीस, नसलेल्या रोगाच्या गोळ्यांची! आई पाण्यात उतरत नाही असं मला लिहितेस आणि खाली सही करतेस, तुझी मावशी.

आणि एक फोन? एक? तिने ठेवला म्हणून तू सुटलीस? मी शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर बाईंची सही राहिली तर तू शाळेत चार फोन करायचीस.

आईसाठी मी नंतर रडेन. तिचं गेलं ते गेलं. शिवणवालीचं अजून जायचंय. तिच्या अंगात जे उरलं असेल ते नऊ महिने वाढतंय आणि ती रिपोर्ट साफ आहे म्हणून मशीनवर बसलीय. तूच शिकवलंस ना, खूण मागाहून उमटते? मग तू कसली वाट बघत होतीस, खूण उमटायची?

सात सप्टेंबरपर्यंत तुमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमना सांग. तू सांग, मी नाही. मला ते तुझ्या तोंडून झालेलं हवंय. नाही सांगितलंस तर आठ तारखेला मी त्यांच्या दारात उभी असेन, तुझी सगळी पत्रं घेऊन.


५ सप्टेंबर

आज मॅडमना सांगितलं. उद्या आम्ही दोघी शिवणवालीच्या घरी जातोय. ताईलाही सांगितलं. बाकी मागाहून.


२६ सप्टेंबर

लवंगे,

मागाहून म्हटलं आणि तीन आठवडे लावले. हात उचलत नव्हता.

मॅडमनी दोन्ही स्लाइड मागवल्या, एकेक करून बघितल्या, मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'कधीपासून माहीत आहे?' मी म्हटलं, एप्रिलपासून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होते, त्या आल्याच नाहीत. गाठींचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ते दोन्हींचे मेणाचे ठोकळे त्यांनी डीएनए जुळवून बघायला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं, अदलाबदल झालीय. मी निलंबित आहे. चौकशी चालू आहे. कपाटाच्या किल्ल्या मी स्वतः नेऊन दिल्या.

शिवणवालीची एकच खोली. खिडकीशी मशीन, त्यावर शाळेचा गणवेश, एक बाही लावलेली, एक राहिलेली. मॅडम बोलत होत्या आणि ती पाय मशीनच्या पायडलवर तसाच ठेवून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने मला विचारलं, 'मे महिन्यात फोन करणाऱ्या तुम्हीच ना? आवाज ओळखला मी.' मी हो म्हटलं. 'फोन मी ठेवला, कबूल. मग तुम्ही परत का नाही केला?'

लवंगे, सत्तावीस वर्षांत मला कोणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता. ती म्हणाली, 'दोन महिने पुन्हा हाताला गाठ लागतेय. मी शेजारणीला म्हणत होते, रिपोर्ट साफ आहे, आतली शिवण जाड झाली असेल.' मग तिने राहिलेली बाही लावली, दोरा तोडला आणि आमच्याबरोबर निघाली. गाडीत माझ्या शेजारी बसली नाही, पुढे जाऊन बसली.

ऑपरेशन झालं. काखेतल्या चौदा गाठी तपासल्या, त्यांतल्या दोनमध्ये कॅन्सर पोचलाय. डॉक्टर म्हणतात, उपचार आहेत आणि आशा चांगली आहे. नोव्हेंबरात त्या दोन स्वच्छ होत्या की नव्हत्या, हे आता जगातला कोणताही मायक्रोस्कोप सांगू शकणार नाही. त्या दोन मी माझ्या नावावर लिहून घेतल्यात.

आता ताईचं. पाच तारखेला, मॅडमकडून निघाल्यावर तडक तिच्याकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, थांबले असते तर बोलू शकले नसते. ती उठली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. कानात अजून आवाज आहे. मग खाली बसली आणि म्हणाली, 'त्या पातेल्याच्या वेळी मी तुझ्यासाठी खोटं बोलले. तुला वाटलं, चूक आपण करायची आणि चटका ताईने सोसायचा, अशी रीतच आहे. तिथेच चुकलं माझं. तेव्हा मार खाऊ द्यायला हवा होता तुला.'

मग विचारलं, 'ती बाई कुठल्या दवाखान्यात जाईल?' स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आता रोज तिच्याजवळ जाऊन बसते. माझ्याशी बोलत नाही. मी बाहेर बाकावर बसते.

माफी मागत नाहीये. मागायचा हक्क राहिलेला नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

मावशी


४ ऑक्टोबर

मावशी,

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही. दोन गाठी तुझ्या नावावर लिहून घेतल्यास म्हणजे हिशेब मिटला असं समजू नकोस.

आईचं पत्र आलं. त्यात पहिल्यांदाच 'मजेत' नाही. तिने लिहिलंय: 'मला फार राग आलाय. सकाळी उठल्यावर येतो, तो दिवसभर असतो. काल तलावावर गेले, कोणी बघतंय का ते बघितलं नाही, आणि दमेपर्यंत पोहले.' ते पत्र मी उशीखाली ठेवलंय.

काल आमचं प्रॅक्टिकल होतं. सर बरे होऊन आलेत. प्रत्येक टेबलावर नमुन्याच्या बरण्या ठेवल्या होत्या, नावं घालून कपाटात लावायच्या. माझ्या शेजारणीने चिकटपट्टी फाडली आणि झाकणावर लावली. मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातली बरणी पडता पडता वाचली. सगळा वर्ग उभा. सर पिवळी वही मिटून आले आणि म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, नाव झाकणावर लिहायचं नसतं, बरणीच्या अंगावर लिहायचं असतं, आणि तेही उघडण्याआधी. सरांनी विचारलं, 'हे तुला कोणी शिकवलं?'

मी म्हटलं, माझ्या मावशीने. मग बाकीचंही सांगितलं. ती कोण, तिने काय केलं, किती महिने गप्प बसली, आई, शिवणवाली, दोन गाठी, सगळं. कोणी हसलं नाही. सरांनी त्यांची वही उघडली, नवीन पान काढलं आणि म्हणाले, सावकाश सांग, लिहून घेतो.

सोबत या आठवड्याचा धडा आहे. साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ, दोन्हींतला फरक. तुझ्याकडे आता वेळ आहे. लाल शाई घे आणि तपास. मी मुद्दाम काही चुका घातल्यात, काही माझ्या नकळत राहिल्या असतील.

एकही सोडू नकोस.

लवंगी